सहा टिंबांचे पाटीपूजन

विजयादशमीला आपल्या घरांतून पाटीपूजन होते. पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती रेखाटली जाते, तिला हळदकुंकू आणि आपट्याचे पान वाहिले जाते आणि घरातील सर्वांत लहान मुलाचा हात धरून ‘श्री’ गिरवून घेतला जातो. ते मूल कधी अडीच वर्षांचे असते, कधी तीन. त्या दिवशी त्याला काही लिहिता यावे, अशी कुणाची अपेक्षा नसते. अक्षर ही शाळेत जाऊन आणावयाची वस्तू नसून ती घरी, आईच्या मांडीवर बसून ओळखीची करून घ्यावयाची असते, एवढाच त्या विधीचा आशय आहे.

अशाच एखाद्या घरात जन्मांध मूल असेल तर काय होते? त्याच्याकडून नमस्कार करवून घेतला जातो, हातावर प्रसाद ठेवला जातो आणि पाटी पुढच्या भावंडाकडे सरकते. यात कुणाच्या मनात दुष्टावा नसतो. ‘त्याला दिसत नाही, त्याला अक्षर काय दाखवणार?’ हा प्रश्न सर्वांनाच इतका स्वाभाविक वाटतो की, तो चुकीचा आहे हे ध्यानातही येत नाही. अक्षर दाखवावेच लागते असे नाही. ते हाताला लावताही येते, आणि ही सोय जगाला जवळपास दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे.

डोळस मुलाची अक्षरओळख किती सहज होते, ते पाहा. बिस्किटाच्या पुड्यावर, एस.टी.च्या पाटीवर, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर, दुकानांच्या फलकांवर अक्षरे त्याच्या डोळ्यांवर दिवसभर आदळत असतात. पहिलीत बसण्याआधी त्याने ‘क’ हजार वेळा पाहिलेला असतो. गुरुजी त्याला केवळ त्या आकाराचे नाव सांगतात. अंध मुलाच्या वाट्याला या हजारांतील एकही ‘क’ येत नाही. वैजापूर किंवा सोयगाव तालुक्यातील एखाद्या वस्तीवर राहणारे असे मूल सहाव्या, सातव्या, कधी कधी नवव्या वर्षी निवासी अंधशाळेत दाखल होते आणि आयुष्यातील पहिले अक्षर तेथे, घरापासून दूर, परक्या हातांकडून त्याच्या बोटांना लागते. तोवर त्याच्या वयाची इतर मुले गोष्टींची पुस्तके वाचू लागलेली असतात. मग आपणच म्हणतो, ‘अंध मुले अभ्यासात जरा मागे पडतात.’

हा उशीर कुणा एका कर्मचाऱ्याच्या आळसातून होत नाही. तो व्यवस्थेच्या रचनेतच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा चांगला कायदा आहे. सहा ते अठरा वर्षे वयाच्या दिव्यांग मुलाला जवळच्या शाळेत किंवा पालकांच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा अधिकार त्याने दिला. ब्रेल जाणणारे शिक्षक नेमण्याची जबाबदारी शासनावर टाकली. परंतु तो अधिकार सुरू होतो सहाव्या वर्षी. त्याआधीचे वय कुणाचे? डोळे तपासावयाचे तर आरोग्य विभाग. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात मोतीबिंदू आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांच्या दृष्टिपटलाचा विकार या दोहोंचा समावेश असून, त्यासाठी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रेही आहेत. तीन ते सहा वयाच्या मुलांच्या अंगणवाड्या महिला व बालविकास विभागाकडे. विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे. असा स्वतंत्र विभाग महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्थापन केला. सर्वसाधारण शाळेत जाणाऱ्या अंध मुलाकरिता गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक असतो, तो शालेय शिक्षण विभागाकडून. चार विभाग, चार नोंदवह्या. आणि तीन वर्षांचे अंध मूल मात्र या चारांच्या मधल्या फटीत. या मुलाला ब्रेलची ओळख कोणी करून द्यावयाची, याचे उत्तर चौघांपैकी एकाकडेही मागता येत नाही.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडी कार्यपद्धती जाहीर केली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. मुलातील वेगळेपण लवकर हेरणे, त्याला अंगणवाडीत सामावून घेणे, पुढच्या उपचाराकडे पाठवणे या अपेक्षा आता सेविकेसमोर लेखी आहेत. पण ज्या सेविकेने ब्रेलची पाटी आयुष्यात पाहिलेली नाही, जिच्यावर पोषण आहारापासून सर्वेक्षणांपर्यंत सारा भार आहे, तिच्याकडून ही एक अपेक्षा आणखी वाढवून प्रश्न सुटेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे.

खरी कसोटी आणखी आधी लागते. मोठ्या रुग्णालयाच्या नेत्रविभागाबाहेर तान्हे मूल घेऊन बसलेली आई हे आपल्याकडे नेहमीचे दृश्य. आमच्या छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात मराठवाड्यातूनच नव्हे, तर बुलढाण्याकडून आणि खान्देशातूनही अशी कुटुंबे येतात. काही मुलांची दृष्टी वेळीच वाचते. विशेषतः चौतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाचे डोळे पहिल्या तीस दिवसांत तपासून घेतले, तर पुढचे अंधत्व टाळता येण्याची शक्यता पुष्कळच असते, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असावयास हवे. पण काहींच्या बाबतीत डॉक्टरांना सांगावेच लागते की, आता औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. वैद्यकशास्त्राचे काम तेथे थांबते. वस्तुतः शिक्षणाचे काम त्याच दालनात, त्याच घटकेला सुरू व्हावयास हवे. आईच्या हातात निदानाचा कागद पडतो. त्याबरोबर ब्रेल बाराखडीचा एक कागद आणि ‘या व्यक्तीला भेटा’ एवढे एक नाव पडले, तर तिची पुढची पाच वर्षे वेगळी जातील. सध्या तिच्या हाती पडते ते प्रमाणपत्रासाठी घालावयाच्या हेलपाट्यांचे वेळापत्रक. मधल्या काळात नवस, गंडेदोरे आणि ‘अमक्या गावाला एक वैदू आहे’ या सल्ल्यांत मुलाची शिकण्याची मोलाची वर्षे निघून जातात.

ज्याच्या नावाने ही लिपी ओळखली जाते, त्या लुई ब्रेलची कथा आपण शाळेत ऐकलेली असते. पॅरिसजवळच्या कुव्रे गावी ४ जानेवारी १८०९ रोजी त्याचा जन्म झाला; वडिलांच्या खोगीर-लगाम बनविण्याच्या कारखान्यात खेळताना तिसऱ्या वर्षी आरी डोळ्यात गेली; जंतुसंसर्गाने दुसरा डोळाही गेला. पंधराव्या वर्षी, १८२४ मध्ये, त्याने सहा टिंबांची लिपी सिद्ध केली आणि १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने मांडली. कथेचा एक भाग मात्र आपण गाळतो. लुई दहाव्या वर्षी पॅरिसच्या अंधशाळेत गेला, तो निरक्षर म्हणून नव्हे. त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे की, वडिलांनी लाकडी फळीवर गोल माथ्याचे खिळे अक्षरांच्या आकारात ठोकून त्याला ती बोटांनी ओळखावयास शिकविले होते. गावातल्या शाळेत तो डोळस मुलांच्या शेजारी बसत असे. चामड्याचे काम करणाऱ्या त्या ग्रामीण कारागिराने मुलाच्या अंधत्वाचे कारण ठरलेल्या त्याच कारखान्यात मुलासाठी अक्षरे ठोकली. लिपी नंतर आली. आधी बापाची फळी आली.

आपल्या देशात अंधांच्या शिक्षणाची पहिली पावले मिशनरी स्त्रियांनी टाकली, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. १८८७ मध्ये अमृतसरला ॲनी शार्प यांनी आणि १९०० मध्ये मुंबईत ॲना मिलार्ड यांनी शाळा काढल्या. पुण्याची अंधशाळा १९३४ची, राष्ट्रीय अंध संघटना १९५२ची. स्वातंत्र्यापूर्वी मात्र देशात ब्रेलच्या अनेक पद्धती चालत आणि एका प्रांताचे पुस्तक दुसऱ्या प्रांतातील अंधाला निरुपयोगी ठरे. १९५१ साली ‘भारती ब्रेल’ स्वीकारली गेली आणि हा गोंधळ मिटला. तिच्यात लिपीऐवजी ध्वनी प्रमाण मानला आहे. त्यामुळे मराठी, तमिळ, बंगाली, कन्नड या भाषांच्या छापील लिपी कितीही भिन्न असल्या, तरी ब्रेलमधील ‘क’ या सर्वांत एकच: पहिले आणि तिसरे टिंब. एका राष्ट्राच्या सर्व भाषांना एक समान लिपी असावी, हे स्वप्न आपल्याकडील अनेक थोरांनी पाहिले; डोळस भारतीयांना जे जमले नाही, ते अंध भारतीयांच्या बोटांखाली सत्तर वर्षांहून अधिक काळ शांतपणे चालू आहे.

ही लिपी अवघड आहे, या समजुतीने पालक तिच्यापासून दूर राहतात. म्हणून तिची ओळख थोडी तपशिलात करून देतो. दोन उभ्या ओळी, प्रत्येकीत तीन टिंबे. डावीकडची वरून खाली १, २, ३. उजवीकडची ४, ५, ६. या सहांपैकी काही टिंबे उठावदार, काही रिकामी, अशा एकूण त्रेसष्ट आकृती होतात. दोन टिंबांतील अंतर सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे पूर्ण अक्षर बोटाच्या पेराखाली एकाच स्पर्शात मावते. ‘अ’ म्हणजे फक्त पहिले टिंब. डावी ओळ पूर्ण भरली की ‘ल’, उजवी ओळ पूर्ण भरली की ‘ळ’. ‘आई’ या शब्दाला एकूण पाच टिंबे लागतात: ३, ४, ५ आणि मग ३, ५. छापील लिपीत ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चार नंतर, अशी उलटापालट आहे. ब्रेलमध्ये आधी ‘क’, मग ‘इ’, जसे बोलतो तसे. जोडाक्षरांत अर्ध्या अक्षराच्या आधी चौथे टिंब येते, की पुढचे अक्षर अर्धे समजावयाचे. आणि सहाच्या सहा टिंबे भरली की होतो ‘ढ’. ज्या अक्षराने आपण मुलांना हिणवतो, ते ब्रेलमध्ये सर्वांत भरलेले अक्षर आहे, हा योगायोग मला फार आवडतो.

डोळस आईवडिलांना ही लिपी बोटांनी वाचावयाची नसते. ते टिंबे डोळ्यांनी पाहू शकतात. रोज अर्धा तास दिला, तर दोन-तीन आठवड्यांत बाराखडी येते. दहावी झालेल्या आईला हे सहज साध्य आहे. शाळा न शिकलेल्या आईलासुद्धा ते अशक्य नाही, कारण तिला आणि मुलाला ती एकत्रच शिकता येते.

मुलाच्या बाबतीत मात्र अक्षराच्या आधी हात तयार व्हावा लागतो, आणि या तयारीसाठी आपले स्वयंपाकघर पुरेसे आहे. चवळी आणि राजमा एकत्र करून वेगळे करणे, मटार सोलणे, कणकेचे गोळे करणे, डब्याचे झाकण फिरवून बसवणे यांतून बोटांना बारकावा आणि बळ दोन्ही येते. सहा वाट्या दोन ओळींत मांडाव्यात आणि सहा सागरगोटे द्यावेत: ‘पहिल्या वाटीत एक टाक, झाला अ.’ तीन वर्षांच्या मुलाला हा निव्वळ खेळ वाटतो. त्याच्या ताटावर, कपड्याच्या कप्प्यावर, साखरेच्या डब्यावर ब्रेलची पट्टी चिकटवावी. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहेच. दुकानदार यंत्राने टिंबाटिंबांत ‘सौ. कां. अमुक’ उमटवून देतो. ते नाव डोळ्यांसाठी असते. त्याच घरातील एका वाटीवर एक नाव बोटांसाठीही असावे. जुन्या लग्नपत्रिका आणि दिनदर्शिकेची जाड पाने ब्रेलच्या सरावाला उत्तम. अंधशाळा ती आवर्जून मागून घेतात.

एक सूचना अनुभवी शिक्षक नेहमी देतात, ती येथे नोंदवतो. मुलाचा हात धरून वस्तूवर दाबू नये. आपला हात वस्तूवर ठेवावा आणि मुलाचा हात आपल्या हातावर येऊ द्यावा; मग हळूच आपला हात काढून घ्यावा. अंध मुलाचे हात हेच त्याचे डोळे असतात, आणि कुणी आपले डोळे धरून ओढले तर आपल्याला काय वाटेल?

शाळेची ब्रेल पाठ्यपुस्तके मिळू शकतात. चार वर्षांच्या मुलासाठी मराठीत ब्रेल गोष्टीचे पुस्तक शोधावयास जा, म्हणजे वाळवंट लागते. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केले. त्याने अंध वाचकाला प्रथमच, इतरांप्रमाणे, स्वतःच्या वेळेला स्वतः उघडून वाचता येईल असे नियतकालिक दिले. पण पाक्षिकाला वाचक लागतात, आणि वाचक चौथ्या वर्षापासून घडवावे लागतात. आमच्या साहित्य संस्थांच्या बालसाहित्यविषयक ठरावांत या मुलांचा उल्लेख क्वचितच असतो.

येथे एक आक्षेप हमखास येतो. आता भ्रमणध्वनी बोलतो, संगणक वाचून दाखवतो, मग टिंबांचा खटाटोप कशाला? मोठ्या अंध माणसाला या साधनांनी मोठे स्वातंत्र्य दिले, यात शंका नाही. परंतु ऐकणे आणि वाचणे एक नव्हे. ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘सुत’ आणि ‘सूत’ कानाला जवळजवळ सारखेच लागतात. त्यांतील फरक अक्षरांतच दिसतो. केवळ ऐकून शिकलेल्याचे शुद्धलेखन कच्चे राहते, गणित तर आणखीच. लेखनिकाच्या साहाय्याने पदवीपर्यंत पोहोचलेले, पण स्वतःच्या हाताने चार ओळींचा अर्ज लिहू न शकणारे तरुण आपल्याकडे आहेत. त्यांना साक्षर म्हणावयाचे की श्रोते? अमेरिकेसारख्या संपन्न देशाने बोलक्या यंत्रांच्या भरवशावर ब्रेलकडे दुर्लक्ष केले. तेथील अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये जाहीर केले की, ब्रेल वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांहूनही खाली गेले आहे, आणि त्याला ‘साक्षरतेचे संकट’ असे नाव दिले. जे अल्पदृष्टी आहेत, ज्यांना भिंग लावून मोठी अक्षरे कशीबशी दिसतात, त्यांच्या पालकांनी तर हे विशेष ध्यानात घ्यावे. ब्रेल दिली म्हणजे मुलाला अंध ठरवले, या भीतीने ते मुलाला पानात नाक खुपसून वाचावयास लावतात. दहावीचा अभ्यास वाढतो, डोळे थकतात आणि तेव्हा बोटे तयार नसतात.

आपल्या समाजात दुसराही एक युक्तिवाद चालतो, आणि तो आदराच्या वेषात येतो. ‘अंधांची स्मरणशक्ती दैवी असते. आपली परंपराच श्रुतींची. प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांना कुठे ब्रेल येत होते?’ १८८१ मध्ये जन्मलेले आणि अवघ्या चौतीस वर्षांचे आयुष्य लाभलेले गुलाबराव महाराज तान्हेपणीच दृष्टी गमावूनही शंभरावर ग्रंथांचे कर्ते झाले, हे खरेच. पण त्यांना प्रत्येक ग्रंथ दुसऱ्याने वाचून दाखवावा लागे आणि प्रत्येक ओळ दुसऱ्याने उतरवून घ्यावी लागे. अशी प्रज्ञा शतकात एखाद्याला लाभते. सर्वसाधारण बुद्धीच्या मुलाकडून तिची अपेक्षा करणे आणि ती दिसली नाही की त्याला भजनी मंडळात किंवा खुर्च्या विणण्याच्या कामावर बसवणे, हा सन्मान नव्हे. संगीत आणि हस्तकला उत्तमच. पण त्या निवडीने याव्यात, अक्षर नाही म्हणून नव्हे.

अंधांविषयी आपली सेवाभावना खोटी नाही. नेत्रदानाचे संकल्प भरले जातात, ‘सक्षम’सारखी संघटना २००८पासून या क्षेत्रात उभी आहे, वाढदिवसाला किंवा वर्षश्राद्धाला अंधशाळेत जेवण देणारी कुटुंबे आमच्या शहरातही पुष्कळ आहेत. एकच सांगावेसे वाटते. नेत्रदानाने बुबुळाचे अंधत्व जाते. दृष्टिपटल किंवा दृष्टिनाडी निकामी झालेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही, त्याला अक्षरच हवे. आणि गोड जेवण संध्याकाळपर्यंत पुरते. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ हा शब्द आला, त्याने बोलण्यात सौजन्य आले. त्या सौजन्याला आता कामाची जोड हवी.

हे काम फार खर्चाचेही नाही. प्रत्येक तालुक्यात सहा वर्षांखालील अंध मुले हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढीच असतील. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्ती आणि गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षक यांना एकत्र बसवून ती यादी एका दिवसात करता येते. आपल्या शाखांच्या आणि महिला मंडळांच्या ओळखीतून ती आणखी लवकर होईल. मग अंधशाळेतून निवृत्त झालेला एखादा शिक्षक, शक्यतो स्वतः अंध, महिन्यातून दोनदा त्या घरी जाईल. त्याच्या प्रवासखर्चाची तजवीज गावाने करावी. अंध शिक्षक यासाठी की, आपले मूल मोठे होऊन कसे असू शकते, हे त्या आईने आजवर पाहिलेले नसते. मे महिन्याच्या सुट्टीत जिल्ह्याच्या ठिकाणी आयांचा पंधरा दिवसांचा ब्रेल वर्ग व्हावा, आणि त्यात वडिलांनीही बसावे. लुईची फळी बापाने ठोकली होती. ज्या गृहिणींची मुले मोठी होऊन परगावी गेली आहेत, त्यांनी ब्रेल शिकून एकेक गोष्ट टोचून काढली, तर वर्षभरात पन्नास पुस्तकांची पेटी तयार होते आणि ती एस.टी.ने कन्नडहून पैठणला, पैठणहून फुलंब्रीला फिरू शकते. सुरुवातीला ब्रेलची बाराखडी छापलेला, टिंबांचे क्रमांक लिहिलेला एक जाड कागद लागेल. तो दसऱ्याच्या आधी तयार व्हावा. पाटीपूजनाच्या दिवशी त्या घरी नेऊन द्यावयाचा आहे.